आठशे येनांच्या चिठ्ठीखाली

मित्रांनो, माझ्या बुडावर एक चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिलंय: 'जंक. आठशे येन. चालेल याची खात्री नाही.' ती वाचून तुम्ही नाक मुरडण्याआधीच सांगतो, मी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, वय छत्तीस, आणि माझ्यात आजवर कधीही बिघाड झालेला नाही. मी हेडफोनसाठी जन्मलो. रेकॉर्डवरचा आवाज अगदी बारीक असतो. त्याला बळ देऊन कानापर्यंत पोचवणं हे माझं काम, आणि ते मला उत्तम येतं. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

मला उराकावा आजोबांनी घडवलं. ओसाकातल्या निप्पोनबाशीत, विजेच्या सामानाच्या बाजारामागच्या एका बोळात त्यांची खोली होती. आधी त्यांनी तीस वर्षं टेलिफोन खात्यात यंत्रं दुरुस्त केली होती. माझ्यासारखे त्यांनी एकूण अकराच केले. मी सातवा. माझी पेटी त्यांनी घरातल्या जुन्या कपाटाच्या फळीतून कापली, तारा एकेक करून जोडल्या आणि जुन्या रेडिओत असत तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह बसवले. ते तापले की नारिंगी दिसतात. पूर्ण तापायला मला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढी वाट ज्याला बघवत नाही त्याने माझ्या वाटेला जाऊ नये.

आजोबांचा एक नियम होता. नुसता अ‍ॅम्प्लिफायर ते कुणालाही विकत नसत. गिऱ्हाइकाने आपला हेडफोन आणि आपली आवडती रेकॉर्ड घेऊन यायचं, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं आणि एक अख्खी बाजू ऐकायची. मग आजोबा विचारत, "काय ऐकलंत?" कसं वाटलं, असं ते कधीच विचारत नसत.

एकदा एक दातांचे डॉक्टर आले. सगळ्यात महागडा हेडफोन गळ्यात होता. एक बाजू ऐकून म्हणाले, "फारच सुरेख! बांधून द्या."

"ऐकलंत काय ते सांगा की."

"म्हणजे... संगीत ऐकलं."

"तुमचा हेडफोन बत्तीस ओहमचा आहे, डॉक्टरसाहेब. याला तीनशेचा लागतो. ही जोडी जमायची नाही."

"अहो, पण हा पाचपट महाग आहे!"

"मुलगी श्रीमंत घरची आहे म्हणून स्वभाव जुळतो होय?" आजोबा हसले आणि त्यांना बार्लीचा चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं.

ओहमची भानगड सोपी आहे, मित्रांनो. ओहम म्हणजे हेडफोनचा हट्ट. माझ्या जातीच्या अ‍ॅम्प्लिफायरला समोर हट्टी गडी लागतो. रस्सीखेचीत पलीकडे कोणी ओढणारंच नसेल तर आपणच पाठीवर पडतो. तसंच माझं होतं. हलका हेडफोन जोडला की खालचे सूर सुजतात, मागे घरघर लागते आणि दोष माझ्यावर येतो. म्हणूनच आजोबांनी माझ्या बुडावर कुंचल्याने लिहिलेली एक कागदी चिठ्ठी चिकटवली. ती खरी माझी जन्मपत्रिका. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

माझे पहिले धनी मुद्रितं तपासण्याचं काम करत. त्यांच्याकडे सहाशे ओहमचा हेडफोन होता. त्या हेडफोनने आणि मी एकोणतीस वर्षं संसार केला. एकदाही कुरकुर नाही. मग धनी वृद्धाश्रमात गेले आणि त्यांच्या पुतण्याने आवराआवर केली. त्याने हेडफोन एका पेटीत टाकला, मला दुसरीत. कोण कोणाचा जोडीदार आहे, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मी जुन्या वस्तूंच्या दुकानात जंकच्या टोपलीत जाऊन पडलो. खाली इस्त्री, वर भात शिजवायचं बिनझाकणाचं भांडं. त्या टोपलीत मला वाईट वाटलं हे खरं, पण मी हताश झालो नाही. मला माझी किंमत माहीत होती.

तिथे मला फुमिएबाई भेटल्या.

फुमिएबाई आणि त्यांचे यजमान तोयोनागा यांनी तेन्मा भागात चाळीस वर्षं संगीत ऐकण्याचं कॉफीघर चालवलं. एक कॉफी घ्या, गप्प बसा आणि रेकॉर्ड ऐका, असं ते दुकान. सगळे तोयोनागांना 'मास्टर' म्हणत. इमारत पाडायची ठरली आणि दुकान बंद झालं. माणसाएवढे दोन स्पीकर देऊन टाकावे लागले. दोघं पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. तिथल्या भिंती पातळ. शेजारची परिचारिका रात्रपाळी करून दिवसा झोपते. मास्टर भल्या मनाचा माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी रेकॉर्ड प्लेअर झाकून ठेवला. आठ महिने त्या घरात एक सूर वाजला नव्हता. अडीच हजार रेकॉर्डी भिंतीच्या कपाटात गप्प उभ्या होत्या, आणि मास्टरही दिवसेंदिवस त्यांच्यासारखेच होत चालले होते. फुमिएबाईंना तेच सहन होत नव्हतं. त्यातच मास्टरांच्या सत्त्याहत्तरीला लेकीने, कानाएने, तोक्योहून जांभळ्या रुमालात बांधून नवाकोरा हेडफोन पाठवला होता. तो वाजवायला काहीतरी हवं म्हणून बाई बाजारात आल्या होत्या.

माझी किंमत होती बाराशे येन. मित्रांनो, ओसाकाची बाई छापील किंमत देत नाही.

"चालेल याची खात्री नाही म्हणता, आणि बाराशे घेता? मी खात्री नसलेले पैसे देऊ का?"

"काकू, सकाळची वेळ आहे, बोहनी तरी होऊ द्या. हजार."

"आठशे. वर त्या टोपलीची धूळ मी फुकट नेतेय."

दुकानदाराने हात टेकले. पण बाईंचं समाधान झालं नाही. "नवी चिठ्ठी लावा. आठशेची, मोठ्या अक्षरांत. नाहीतर कोणाला पटणार?" तोक्योची माणसं म्हणे वस्तू किती महाग ते सांगतात. आमच्याकडे किती स्वस्तात मारली ते सांगायचं असतं, आणि पुरावा जवळ ठेवायचा असतो. वैतागलेल्या दुकानदाराने मोठी चिठ्ठी काढली, मला उलटं केलं आणि न बघता थाप मारून चिकटवली, बरोबर उराकावा आजोबांच्या चिठ्ठीवर. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

घरी मास्टरांनी मला दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. तारांचे सांधे निरखले आणि हळूच म्हणाले, "काम चांगलं आहे गं कोणाचं तरी." आठ महिन्यांनी त्यांनी रेकॉर्ड प्लेअरवरचं फडकं काढलं. कपाटातून एक जुनी रेकॉर्ड आणली. कॉफीघरात नवं काहीही आलं की ते याच रेकॉर्डवर पारखत. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, पियानो थांबतो तिथे, कुणा वादकाची खुर्ची कुरकुरते. "खुर्ची वाजली पाहिजे," ते म्हणत. "खुर्ची वाजली म्हणजे माणसं खोलीत आली."

जांभळ्या रुमालातला हेडफोन माझ्यात खोचला गेला. मी लगेच ओळखलं. अठरा ओहम! दिसायला देखणा, वजनाने पिसासारखा. दुसऱ्या जातीच्या अ‍ॅम्प्लिफायरबरोबर तो नक्कीच सुंदर गात असेल. त्याचाही काही दोष नव्हता. आम्ही दोघांनी जीव तोडून प्रयत्न केला. पण खालचे सूर फुगले, मागे घरघर सुरू झाली, पियानो चिखलात रुतल्यासारखा वाजू लागला.

मास्टरांनी डोळे मिटून दोन गाणी ऐकली. तिसऱ्यात ते थोडे पुढे झुकले. ती जागा आली आणि गेली.

"काय हो?" फुमिएबाईंनी विचारलं.

"डबल बास वाजवतायत की हंडे बडवतायत, कळेना." त्यांनी हेडफोन काढला, त्याची तार नीट गुंडाळली. "जंक ते जंकच. आणि खरं सांगू? कदाचित माझेच कान गेले असतील."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. माझी बदनामी मी सोसली असती. पण चांगले कान असलेला माणूस माझ्यामुळे स्वतःवरचा विश्वास गमावून बसला होता, आणि माझ्याच पोटाखाली त्याचं उत्तर झाकलेलं होतं.

दुपारी मास्टरांनी मिझोबेला फोन केला. मिझोबे जुन्या रेकॉर्डींचा व्यापारी, कॉफीघराचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. "रविवारी ये. सगळ्या घेऊन जा."

"अहो, सगळ्या?" फुमिएबाई म्हणाल्या.

"मग ठेवून काय करू? लोणचं घालू?"

रविवारपर्यंत बाईंचं एक काम मात्र चालूच होतं. गॅसचं मीटर वाचायला आलेली मुलगी, शेजारची परिचारिका, सोसायटीचे चिटणीस, जो येईल त्याच्यासमोर त्या मला उलटं करत. "ओळखा पाहू कितीला! आठशे! आवाज काढत नाही ती गोष्ट वेगळी." अख्ख्या इमारतीने माझं बूड पाहिलं. चिठ्ठीच्या खाली मात्र कुणी पाहिलं नाही.

रविवारी मिझोबे वीस रिकामी खोकी घेऊन आला. मास्टर एकेक रेकॉर्ड पुसून त्याच्या हातात देऊ लागले. फुमिएबाई कॉफी गाळत होत्या आणि दर वेळी कपाटाकडे पाहत होत्या. पहिलं खोकं भरलं, दुसरं भरलं. तिसऱ्यात ती खुर्चीवाली रेकॉर्ड गेली. मास्टरांचा हात तिच्यावर जरा रेंगाळला, एवढंच.

मिझोबेला तो शांतपणा झेपेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा केवढ्याला पडला, वहिनी?"

बाईंचे डोळे ओले होते, तरी सवय जाते कुठे? त्यांनी मला उलटं केलं. "वाचा."

"आठशे? थापा मारू नका! आठशेत हल्ली ताकोयाकी वड्यांची एक पुडी येते. ही चिठ्ठी तुम्हीच कुठून तरी काढून चिकटवलीय."

"मी खोटं बोलते? मी? खाजवून बघा, दुकानातलीच आहे!"

मिझोबेने खरंच नखाने कोपरा खरवडला. दोन ओसाकाकर किमतीवरून भांडले की माघार कोणी घेत नाही, आणि मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. चिठ्ठी उचकटली. खाली पिवळा कागद दिसला, त्यावर कुंचल्याची काळी अक्षरं.

"वहिनी, हे काय आहे?" मिझोबेने चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं. "'हा तीनशे ओहमच्या आणि त्यावरच्या हेडफोनसाठी. हलक्याला देऊ नये. दोघांचीही बदनामी होते. उराकावा.'"

मास्टरांच्या हातातली रेकॉर्ड हातातच राहिली.

"कानाएचा हेडफोन किती ओहमचा गं?"

बाईंनी हेडफोनचं खोकं शोधून वाचलं. "अठरा."

"अठरा!" मास्टर कपाळावर हात मारून घेत म्हणाले. "चाळीस वर्षं स्पीकरची लग्नं लावली मी, आणि हे साधं विचारलं नाही. महाग आहे, लेकीने दिलाय, म्हणजे चांगलाच, असं धरून बसलो. फुमिए, रोज दुकान उघडायच्या आधी मी ज्याच्यावर रेकॉर्डींचे ओरखडे तपासायचो, तो रेडिओ केंद्रातला जुना हेडफोन कुठे गेला?"

"तो दगडासारखा जड? तुमचे कान लाल करणारा? टाकायला काढला होता मी."

"टाकलास?"

"टाकते कशाला? छत्र्यांच्या खुंटीवर आहे."

तो आला. तार पीळदार, कानांवरचं कातडं फाटलेलं, कडेला कोरलेला आकडा: सहाशे. एकोणतीस वर्षांचा माझा जोडीदार असाच होता. हा तो नव्हता, पण त्याच कुळातला होता.

मिझोबेने न सांगता तिसऱ्या खोक्यातून रेकॉर्ड काढून दिली. मला चालू केलं. तापायची माझी दोन मिनिटं मी पुरेपूर घेतली. मग सुई टेकली, आणि पलीकडून तो हट्टी गडी दोर ताणून उभा राहिला. मित्रांनो, काय सांगू! खालचे सूर जागच्या जागी बसले. घरघर नाही. पियानो कोरडा खणखणीत.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्यात पियानो थांबला. मास्टरांच्या बोटांनी टेबलाची कड धरली.

"खुर्ची वाजली," ते म्हणाले.

फुमिएबाई पदपथावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने रडल्या. शेजारची परिचारिका नक्की जागी झाली असणार, पण तिने भिंतीवर थाप मारली नाही.

मिझोबेने भरलेली खोकी रिकामी केली, रेकॉर्डी स्वतःच्या हाताने कपाटात लावल्या. मग एक खोकं उलटं घालून त्यावर बसला आणि म्हणाला, "मास्टर, एक कॉफी. आणि नंतर माझा नंबर."

आता दर रविवारी ते कॉफीघर पुन्हा चालतं. गिऱ्हाईक एका वेळी एकच, नियम तेच. कानाएच्या हेडफोनलाही त्याच्या स्वभावाचा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर मिळालाय. ती जोडी शेजारच्या परिचारिकेकडे असते, आणि तिच्या घरी फार सुरेख गाते. माझ्या बुडावर दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी आहेत. बाई अजूनही आधी आठशेचीच दाखवतात. मास्टर दुसरी वाचायला लावतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मी गरम असताना मला हलवू नका, व्हॉल्व्हला बोटं लावू नका. ही काळजी तर घ्याच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. एखादा नीट वाजत नसेल तर त्याला जंक म्हणण्याआधी तो कोणाबरोबर जोडलाय ते पाहा, आणि स्वतःच्या कानांना दोष देण्याआधीही तेच पाहा. चिठ्ठी दिसली तर तिच्या खालीही नख घालून बघा. मग मला सरळ ठेवा आणि दोन मिनिटं तापू द्या. खुर्ची वाजेल.