क्रेनच्या मागच्या टोकाला पुष्पाबाई

मी क्रेन बोलतेय. रस्त्यावर उलटलेला ट्रक उचलणारी नव्हे. लग्नात पाहुण्यांच्या डोक्यांवरून कॅमेरा अलगद फिरवते ना, ती. माझ्या पुढच्या टोकाला कॅमेरा असतो. तो जवळ आला की लोक केस नीट करतात, पोट आत ओढतात. मागच्या टोकाला नुसतं वजन असतं. तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. माझी सगळी हकिकत मात्र त्या मागच्या टोकाचीच आहे.

मी म्हणजे मूळचे तुषार सिंचनाचे पाइप. हरभरा भिजवायचा, एवढंच माझ्या नशिबात होतं. पण बीबी गावचा भागवत, लग्नांची शूटिंग करणारा, एक दिवस मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन लोणारला नागसेन मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या दुकानात आला. मिस्त्रींनी तो तीनदा पाहिला.

"हे काय हाये बे? तोफ हाये काय?"

"कॅमेरा झुलवायचा हाये, मिस्त्री. धक्का नाई बसला पायजे."

मिस्त्रींनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची बेअरिंग घातली, तिपाई जोडली, निळा रंग मारला. बेअरिंगच्या पुढे चौदा फूट, मागे साडेतीन फूट. पुढे कॅमेरा लावायचा, मागे व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्या अडकवायच्या. दोन्हीकडचं जमलं की एका बोटानं मला आभाळाकडे नेता येई. जमलं नाही, तर माझ्यासारखी हट्टी वस्तू जिल्ह्यात नाही.

पहिलं लग्न सुलतानपूरचं. भागवत मांडवात पोचला, मला उभं केलं आणि कपाळावर हात मारला. चकत्या बीबीलाच राहिल्या होत्या. नवरदेव घोड्यावर बसला होता. मग भागवतनं स्वयंपाकाच्या राहुटीतून तुरीच्या डाळीचं पोतं आणून मागे बांधलं. तोल सुरेख साधला. मी वरमाईवरून, करवल्यांवरून, बँडवाल्यांवरून अशी तरंगत गेले, की माझा मलाच अभिमान वाटला.

पण पंगत वाढली आणि आचाऱ्याला डाळ कमी पडली. त्यानं पोत्याचं तोंड सोडून पातेलंभर डाळ काढली. थोड्या वेळानं आणखी पातेलंभर. भागवतचा डोळा पडद्याला लागलेला, त्याला मागचं काय दिसणार! मागचं वजन जसं घटत गेलं, तशी माझी मान खाली खाली येत गेली. शेवटी कॅमेरा नवरदेवाच्या मामाच्या ताटात, कढीच्या वाटीत टेकला. मामांना वाटलं, जवळून फोटो काढतायत. ते हसरा चेहरा करून तसेच बसून राहिले.

भागवत कॅमेरा पुसत ओरडला, "अरे काहीतरी वजन आना बे!"

राहुटीच्या कडेला एक बाई पुऱ्या लाटून उठल्या होत्या. पुष्पाबाई त्यांचं नाव, गावातल्याच. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. लग्नसराईत पुऱ्या लाटायच्या, एरवी लोकांच्या शेतात निंदण करायचं. गुडघे दुखत होते आणि त्यांना बसायला जागा हवी होती.

"मी बसू काय?" त्यांनी विचारलं.

भागवतनं घाईघाईनं एक लाकडी पाट दोरीनं बांधला. पुष्पाबाई बसल्या. आणि माझं अंग कापसासारखं हलकं झालं. बरोबर अठ्ठेचाळीस किलो! चकत्यांनीही असा तोल कधी दिला नव्हता. भागवतनं मला खाली घेतलं, तशा पुष्पाबाई वर गेल्या, मांडवाच्या झालरीपर्यंत. तिथून त्यांनी मान वळवून अख्खं लग्न पाहिलं.

उतरल्यावर त्या म्हणाल्या, "भागवत, दोनशे लग्नांच्या पुऱ्या लाटल्या म्या. पन लग्न आजच पाह्यलं."

तेव्हापासून चकत्या बीबीलाच राहिल्या. माणूस श्वास घेतो, लोखंड घेत नाही. पुष्पाबाईंच्या श्वासाबरोबर कॅमेरा असा हळुवार डुले की सिनेमावाल्यांनाही जमू नये. तालुक्यात बोलबाला झाला. लोक तारीख ठरवायच्या आधी विचारू लागले, "वजनवाल्या बाई मोकळ्या हायेत ना?"

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. लग्नात त्यांना जेवता येत नसे. एक जिलबी खाल्ली की कॅमेरा वीतभर वर जाई. कोणी आग्रह करून मठ्ठ्याचा गिलास हातात दिला, तर भागवत लांबून हात जोडी, "मावशी, सप्तपदी होऊ द्या!" शिंक आली तर त्या नाक दाबून धरत. एकदा मेहकरकडच्या लग्नात त्यांना मंगलाष्टकं ऐकून रडू आलं. मी पुढे चांगलीच थरथरले. नवरीच्या भावाला तो भाग इतका आवडला, की त्यानं तोच स्टेटसला ठेवला.

अशी एकसष्ट लग्नं झाली. एकाही कॅसेटमध्ये, म्हणजे आता पेनड्राइव्हमध्ये, पुष्पाबाई नाहीत. कशा असतील? कॅमेरा पुढे बघतो, त्या मागे. मी फिरले की त्याही तेवढ्याच फिरणार, उलट्या बाजूला. घरात त्यांचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, आणि तो पाहून त्यांची मुलगी निशिगंधा म्हणायची, "आई, हे तू नाईस."

मग निशिगंधाचं लग्न ठरलं. मुलगा धामणगाव बढ्याचा. त्याचे वडील रामराव, तीस एकराचे धनी, बैठकीला फेटा बांधून आले. चहा झाला, पोहे झाले. हे सगळं मला भागवतनं माझे नटबोल्ट आवळताना सांगितलं.

"आमाले काई नको," रामराव म्हणाले. "हुंडा नको, भांडं नको. फक्त थे क्रेन पायजे, जिच्या मांगं एक बाई बसते. बाईसकट पायजे. बाईच्या जागी चकत्या लावल्या, तर मी अक्षता टाकनार नाई."

पुष्पाबाईंनी पदर सावरला. समोर व्याही, बाजूला मुलगी. "हाव," त्या म्हणाल्या, "सांगून ठेवतो थ्या बाईले."

लग्नाच्या दिवशी भागवतनं गुपचूप चकत्या आणल्या आणि त्यांवर साडी गुंडाळून वर टोपलीचं डोकं केलं. लांबून बाई दिसावी म्हणून. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पुष्पाबाई पुढे, पहिल्या रांगेत, जांभळ्या साडीत बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्या समोरच्या बाजूला होत्या. मी मुहूर्ताची वाट पाहत होते.

अंतरपाट धरणार तेवढ्यात रामरावांनी मागे वळून पाहिलं. ते तडक आले आणि त्यांनी टोपली उचलली.

"भटजी, थांबा! हे बाई नाई. हे टोपलं हाये!"

सनई थांबली. भटजींनी घड्याळ पाहिलं, "मुहूर्ताला सात मिनिटं आहेत हो."

"बाई येईस्तोवर अंतरपाट धरू नका," रामराव हटून बसले. "मी शब्द घेतला होता. त्या विहीणबाईंनी दिला होता शब्द."

मांडवात कुजबूज सुरू झाली. लग्न मोडतंय की काय, असं वाटून निशिगंधाच्या मामानं छातीला हात लावला. तेव्हा पुष्पाबाई पहिल्या रांगेतून उठल्या. जांभळी साडी सावरत माझ्या मागे आल्या.

"व्याही, थे बाई मीच हावो," त्या म्हणाल्या आणि चकत्या सोडवून पाटावर बसल्या.

रामरावांच्या हातात टोपली तशीच राहिली. भागवतनं मान खाली घालून कॅमेरा सुरू केला. तोल सुरेख होता. पण त्या क्षणी मला माझ्या पुढच्या टोकाची शिसारी आली. मांडवभर माणसं दिसत होती आणि नवरीची आई दिसत नव्हती.

निशिगंधाच्या ते लक्षात आलं. ती मुंडावळ्या बांधलेली, हातात हार घेतलेली, बोहल्यावरून सरळ खाली उतरली.

"आई, उतर."

"काऊन वं? मुहूर्त चालला ना."

"उतर म्हनतो ना. तू समोर जाय. मी बसतो अथी."

"पागल झाली काय? नवरी क्रेनवर बसते काय कोठं?"

"तू नाई बसली काय एकसष्ट डाव?"

पुष्पाबाई उतरून समोर गेल्या. नवरी पाटावर बसली आणि मी धाडदिशी नाक वर केलं. शालू, बांगड्या, हार धरून बावन्न किलो! कॅमेऱ्याला मांडवाचं कापड सोडून काही दिसेना. भागवत रडकुंडीला आला. तीन मिनिटं उरली होती.

तेव्हा रामरावांनी टोपली खाली ठेवली. डोक्यावरचा फेटा सोडला, वराच्या हातातला नारळ घेतला, फेट्यात गुंडाळला आणि शिडीवर चढून माझ्या पुढच्या टोकाला बांधला. भर मांडवात, उघड्या डोक्यानं. मी हळूहळू खाली आले आणि थांबले. शांत.

"अंतरपाट इकडं आना!" ते गरजले. "नवरी अथी हाये, तं लग्न अथीच लागन!"

भटजी पंचांग सोडून धावले. नवरदेवाला पाटासकट माझ्या मागे आणलं. दोघांमध्ये अंतरपाट धरला. निशिगंधा अधांतरी, नवरदेव जमिनीवर, आणि मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक "सावधान"ला मी थोडी हलत होते. तो दोष माझा नव्हे, नवरी हसत होती.

त्या लग्नाच्या फिल्ममध्ये नवरी नाही. नवरदेव नाही. भटजींचा फक्त आवाज आहे. पूर्ण मंगलाष्टकं एकच बाई दिसते, जांभळ्या साडीतली. आधी तिला हात कुठे ठेवावे कळत नाही. मग ती अक्षता टाकते. आणि पाचव्या मंगलाष्टकाला सरळ कॅमेऱ्यात बघते. रामराव घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती फिल्म दाखवतात. "ह्या आमच्या विहीणबाई," ते सांगतात, आणि पाहुणा नवरी कुठाय म्हणून विचारायला धजत नाही.

आता भागवतनं ड्रोन घेतला आहे. तो भणभणत वर जातो, लोक पदर सांभाळतात, कुत्री पळतात. मी भागवतच्या अंगणात भिंतीला टेकून असते. माझ्या लांब हातावर कपडे वाळतात. मागच्या पाटावर एक तांबडी कोंबडी बसते. ती बसली की माझं पुढचं टोक बोटभर वर येतं. तेवढीच माझी हालचाल.

तुम्ही सुलतानपूरकडे जाणार असाल, तर पुष्पाबाईंना एवढा निरोप द्या. बाई, जागा तुमचीच आहे. जेवून आलात तरी चालेल. कोंबडीला हात लावला की ती लगेच उठते.