तिसऱ्या घंटेनंतर

प्रत्येक घरात एखादा विषय असा असतो, की तो निघाला की जेवणाचा विचका झालाच म्हणून समजा. रशियातल्या पेर्म शहरात चर्चच्या दाराशी मेणबत्त्या विकणाऱ्या येफिम लुकिचच्या घरी तो विषय होता नाच. त्याची एकुलती एक लेक ग्लाफिरा थिएटरात बॅले नाचायची. सारं शहर टाळ्या वाजवायचं आणि बाप म्हणायचा, "परपुरुषाच्या खांद्यावर चढायचं, उघडे पाय दाखवायचे, हे देवाला आवडेल होय?" इतक्या वर्षांत थिएटरची पायरी तो एकदाही चढला नव्हता.

ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी क्षमेचा रविवार येतो. प्रार्थना संपली की सगळे एकमेकांपुढे वाकतात. एकाने म्हणायचं, "मला क्षमा कर." दुसऱ्याने म्हणायचं, "देव क्षमा करील, मीही करतो." त्या दिवशी वैरीसुद्धा नाही म्हणत नाही.

त्या रविवारी ग्लाफिरा लंगडत बापापुढे आली. वाकून तिने बोटं जमिनीला टेकवली.

"बाबा, मला क्षमा करा."

येफिमने तोंड फिरवलं.

"आज संध्याकाळी माझा शेवटचा नाच आहे. गुडघा कामातून गेलाय. एकदाच येऊन बघा ना! पुन्हा कधी काही मागणार नाही."

"आधी ते पाप सोड, मग क्षमा माग."

"सोडतेच आहे की आज!"

"गुडघा गेला म्हणून सोडतेस. पटलं म्हणून नाही."

ग्लाफिरा डोक्यावरचा रुमाल सारखा करून निघून गेली. आजूबाजूची माणसं खाली बघत राहिली.

फादर आर्सेनींनी सगळं ऐकलं होतं. "येफिम, आजच्या दिवशी नाही म्हणालास?"

"फादर, देह उघडा टाकून नाचणं पाप नाही का?"

"बायबलातला दावीद राजा कराराच्या कोशापुढे, देवाच्या त्या पवित्र पेटीपुढे, नाचला. त्याच्याही अपुऱ्या कपड्यांवरून त्याची बायको टोचून बोलली होती. देव दावीदाच्याच बाजूने होता, आठव."

"तो राजा होता हो!"

"आणि ही तुझी लेक आहे. तू रोज जमिनीला डोकं टेकतोस, ते देहानेच ना? तुझा देह तेवढा पवित्र आणि तिचा पापी? बरं, तिचा नाच पाहिलायस तरी का?"

"पाप बघायला कशाला जायचं?"

"म्हणजे न बघताच निकाल लावलास! अरे, असा न्याय देवही करत नाही!"

येफिम घरी आला. ताटातली ब्लिनी, उपासाआधीची ती धिरडी, गार झाली. शेवटी कोट चढवून तो निघाला.

पण थिएटरसमोर पाय अडखळले. एक पायरी चढायचा, छातीवर बोटांनी क्रुसाची खूण करायचा, पुन्हा उतरायचा. आपल्याला कुणी पाहिलं तर? असं करता करता किती वेळ गेला, त्यालाच कळलं नाही. आत जाऊन कोट ठेवायला दिला, तोवर सभागृहाचं दार बंद झालेलं.

"तिसरी घंटा झाली, आजोबा," दारावरची बाई म्हणाली. "आता दार उघडत नाही."

"आत माझी लेक नाचतेय हो! मध्यंतरात तरी सोडा."

"आता कसलं मध्यंतर? हा शेवटचाच अंक." बाईला दया आली. तिने दाराशी खुर्ची ठेवली. येफिम बसला, दाराला कान लावून. आत वाद्यं वाजत होती. मग टाळ्यांचा कडकडाट झाला, थांबता थांबेना.

लोक बाहेर पडले तसा तो उलटा आत घुसला. ग्लाफिरा पडद्यामागे बाकावर बसली होती. बापाला बघताच तिचा चेहरा फुलला.

"बाबा! बघितलंत?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ते त्याला जमलं नाही.

"नाही गं, पोरी. दाराबाहेर होतो."

तिचा चेहरा पडला.

"एवढंसं दाखव ना, ग्लाशा. एकच पाऊल." तिच्या लहानपणीच्या लाडक्या नावाने तो विनवू लागला.

"बाबा, आता उभंसुद्धा राहवत नाही हो."

येफिम तिच्यापुढे वाकला, थेट जमिनीला डोकं लागेपर्यंत. "मला क्षमा कर."

"देव क्षमा करील, बाबा. मीही करते," ती म्हणाली, आणि ओक्साबोक्शी रडू लागली. येफिमने तिचा पाय मांडीवर घेतला, बुटाची फीत सोडली. बोटं रक्ताळलेली, नखं काळी पडलेली. अरेरे! देवासाठी झिजवलेले स्वतःचे गुडघे त्याला आठवले.

वाचकहो, क्षमा त्याला मिळाली. नाच नाही मिळाला, आणि आता कधीच मिळणार नाही. देवाच्या नावाने आपल्या माणसाकडे पाठ फिरवायची असेल, तर आधी त्याच्याकडे एकदा डोळे भरून बघा. माणसाची कला आपला राग जाईपर्यंत थांबत नाही.

येफिम आजही मेणबत्त्या विकतो. कुणी विचारलं, "लेक कशी नाचायची हो?" तर मान खाली घालून सांगतो, "टाळ्या खूप वेळ वाजत होत्या."