पुसून टाकलेला हिरवा रंग

मी शर्यतीच्या गाडीचा पुढचा पंख बोलतोय. पंख म्हटलं की लोकांना उडणं आठवतं. माझं काम नेमकं उलटं. समोरच्या वाऱ्याच्या जोरावर गाडीचं नाक खाली दाबून धरायचं, म्हणजे वळणावर पुढची चाकं घसरत नाहीत.

कार्बनच्या कापडाचे थर भट्टीत भाजून माझा जन्म झाला. मला आखलं एका तरुण इंजिनियर मॅडमनी. दिसायला मी देखणा, पण माझ्यात कुठेतरी खोट होती. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी आपली सरळच जायची.

संघाचे साहेब म्हणाले, "दुपारच्या सरावापर्यंत खोट काढा. नाहीतर उद्या शर्यतीला जुना पंख, आणि हा भंगारात." मॅडमचं हे पहिलंच काम, त्यांचं तोंड एवढंसं झालं.

म्हणून सकाळच्या सरावात मला पातळ हिरवा रंग फासला. गाडी पळाली की वारा तो रंग ओढत नेतो. वारा जिथे माझं अंग सोडतो, तिथे रंग साचतो. फोटो काढले की खोट सापडते.

गाडी परत आली. मॅडम कॅमेरा आणायला वळल्या, तेवढ्यात आमच्या मेकॅनिक काकांनी बावीस वर्षांच्या सवयीने फडका काढला आणि मला लख्ख पुसून टाकलं. पुसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. सकाळचा सराव तर संपला होता, पुन्हा रंग फासून गाडी पळवायची सोय नव्हती.

"मॅडम, घात केला मी," काका म्हणाले. मॅडम मटकन टायरवर बसल्या. मला दोघांची दया आली, स्वतःची जरा जास्त.

काका फडक्याकडे बघत राहिले. मग माझ्या टोकापासून वीतभर आत बोट ठेवून म्हणाले, "इथे रंगाचा थर होता. तीनदा घासलं. बाकी सगळं एका हातात निघालं."

"दुसऱ्या बाजूला?"

"तिथेही याच जागी. हात भरून आला की माझा."

मॅडम उठल्या. वाऱ्याने तिथे माझं अंग सोडू नये म्हणून त्या जागेच्या जरा पुढे, दोन्ही बाजूंना, त्यांनी बोटभर उंचीची पट्टी बसवली. साहेबांनी विचारलं, "हे कशाच्या आधारावर?"

"काकांच्या फडक्याच्या."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण गाडी सोडली. दुपारी पहिल्याच वळणावर वारा मला बिलगून राहिला आणि नाक निमूट आत वळलं. शर्यत मीच पळालो. आमची गाडी पाचवी आली.

पुढे एका धडकेत माझा डावा कोपरा गेला. आता मी कारखान्याच्या भिंतीवर असतो. पाहुणे विचारतात, ही पट्टी कोणाची कल्पना? मॅडम काकांना हाक मारतात, आणि काका लाजून बाहेरच येत नाहीत. तुम्ही आलात तर मला बघून झाल्यावर तेवढं आत जाऊन त्यांना भेटा. मला काही त्यांचे आभार मानता येत नाहीत.