डबल बेल

"बेल न्हाय दिलीस अजून," अप्पा मान न वळवता म्हणाले.

"देते की. समोर बस आडवी आहे," स्कूटरवर त्यांच्या मागे बसलेली ऋतुजा म्हणाली.

सात रस्त्याचा सिग्नल बंद होता आणि सगळ्या बाजूंनी सगळे एकदम घुसले होते. काल याच वेळी रस्ता मोकळा होता, ऋतुजा ऑफिसचं कुलूप उघडायच्या आधी पोचली होती. आज पलीकडे पाइपसाठी खोदून ठेवलं होतं. उद्या काय असेल, ते उद्याच कळणार.

अप्पा म्हणजे शिवशरण, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. काचबिंदूने त्यांच्या नजरेच्या कडा खाल्ल्या होत्या. नाकासमोरचं दिसायचं, बाजूचं नाही. डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरच ते लेकीला म्हणाले होते, "ड्रायव्हर काय सगळीकडं बघत बसतो व्हय? कंडक्टरनं बेल दिली की निघायचं. तू दे बेल." तेव्हापासून खांद्यावर एकदा बोट वाजलं की थांबायचं, दोनदा वाजलं की निघायचं.

आई गेल्यावर सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घालायला त्यांना लेकीला ऑफिसला सोडणं एवढंच निमित्त उरलं होतं. ऋतुजा रोज ठरवायची, आज सांगून टाकायचं, उद्यापासून मी रिक्षाने जाते. आणि रोज ती जिना उतरून येईपर्यंत ते स्कूटर पुसून उभे असायचे.

फोन वाजला. ऑफिसचे शिपाई अनिलकुमार होते.

"मॅडम, साहेब आलेत. तुमच्या खुर्चीकडं बघून गेलेत दोनदा."

"आले हो. सात रस्त्यालाच अडकलेय. काय करू, उडून येऊ?"

बोलता बोलता तिची बोटं अप्पांच्या खांद्यावर वाजली. टेबलावर चिडून वाजवावीत तशी. दोनदा.

स्कूटर निघाली.

डावीकडून पेरूची हातगाडी येत होती. तिच्या चाकाला धडक बसली, गाडी कलली, पेरू रस्ताभर झाले. गाडीवाली बाई गुडघ्यावर पडली.

"ओ आजोबा, दिसत न्हाय व्हय?" एक मोटरसायकलवाला ओरडला. "घरी नातवंडं खेळवा की! कशाला लोकास्नी मारायला निघता?"

"त्यांची चूक नाही, माझी आहे," ऋतुजा म्हणाली. "मीच त्यांना..."

"तू गप." अप्पांचा आवाज चढला नव्हता. "गाडी मी चालवत हुतो."

अप्पांनी स्कूटर स्टँडवर लावली, बाईला हात देऊन उठवलं आणि वाकून पेरू गोळा करू लागले. पायाजवळचे दोन उचलले. उजव्या चपलेला चिकटून तीन होते, त्यांच्याकडे त्यांचा हात गेलाच नाही. तो भलतीकडेच चाचपडत राहिला.

"तितं न्हाय, मामा," बाई म्हणाली. "हिकडं हाय की."

अप्पांचा हात तसाच राहिला. मोटरसायकलवाल्याने मान दुसरीकडे वळवली. बाईने गुडघा झटकला, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी उचलते. तुमी बाजूला व्हा, गाड्या येत्यात."

ऋतुजाने त्यांना दंडाला धरून कडेला आणलं.

"मी चालवते, अप्पा. मागं बसा."

"तुला उशीर हुतोय. रिक्षा कर." त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. "आन् त्याच रिक्षावाल्याला इचार, रोजचं येतो का म्हून. उद्यापासनं."

इतके दिवस जे सांगायला तिची जीभ वळत नव्हती, ते त्यांनीच सांगून टाकलं होतं. तिला जरासुद्धा हलकं वाटलं नाही.

रिक्षा थांबली. ती पाय आत टाकत होती, तेवढ्यात अप्पा जवळ आले. फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "डबल बेल मिळाली म्हून निघालो गं. न्हायतर निघालो नसतो."

"हो अप्पा. मीच दिली."

"मग झालं तर."

रिक्षा थोडी सरकली आणि पुन्हा अडकली. मागच्या फटीतून तिला ते दिसत होते. इंजिन बंद ठेवून, डाव्या कडेने, स्कूटर ढकलत घराकडे निघालेले. कोपऱ्यावर ते थांबले. वळण्याआधी त्यांनी उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढला, मोठ्या गाडीच्या खिडकीतून काढावा तसा, आणि तसाच धरून ठेवला. मागून येणाऱ्या एका स्कूटीने हॉर्न दिला आणि त्या हाताला वळसा घालून पुढे निघून गेली.