माझ्या गळ्याचं मॉडेल

यंदा ग्लासगोतल्या आमच्या भीमजयंतीला मी माइक हातात घेऊन सांगून टाकलं, "ज्या गळ्यात एके काळी गाडगं अडकवलं, त्याच गळ्यावर आता इथले सर्जन शिकणार आहेत." टाळ्या पडल्या. माझ्या कांताबाईने डोळे पुसले.

थाप नव्हती ती. आमची लेक राजश्री मेडिकल कॉलेजसाठी कॉम्प्युटरवर शरीराची थ्रीडी मॉडेलं करते. नवे डॉक्टर आधी त्यांच्यावर हात साफ करतात, मग पेशंटवर. गळ्यासाठी तिला व्हॉलंटियर हवा होता, तेव्हा मीच पुढे झालो. एमआरआयच्या बोगद्यात थुंकीसुद्धा न गिळता पडून राहिलो. मग चारी बाजूंनी फोटो. "बाबा, तुमचा गळा एकदम क्लिअर आलाय," ती म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मॉडेल दाखवायच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं इस्त्रीचे कपडे घालून गेलो. भिंतीएवढ्या पडद्यावर गळा सावकाश फिरत होता. गोरापान. कानामागे तर चक्क गुलाबी.

"हा कुणाचा हो?" कांताबाईने विचारलं. जन्मभर माझ्या कॉलरी घासल्या या बाईने, तिलाही ओळखू येईना.

मी राजश्रीला बाजूला घेतलं.

"बाबा, आत सगळं तुमचंच आहे. नर्व्ह, थायरॉइड, सगळं. फक्त स्किन स्टँडर्ड लावली."

"स्टँडर्ड म्हणजे?"

"टेस्टिंगमध्ये स्टुडंट्स विचारायला लागले, पेशंट कुठला आहे. डिस्ट्रॅक्ट होतात ते. आणि स्किन तर पहिल्याच मिनिटाला काढतात, बाबा."

"काढूनच टाकायची होती, तर बदलायची तसदी कशाला घेतलीत?"

ती म्हणाली, "टीमने ठरवलं."

टीममध्ये तीही होती, हे मी बोललो नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पण डोकं तापलं होतं. पोरीला शिकवलं, वाढवलं, ते काय बापाचं कातडं पुसायला?

तेवढ्यात एक शिकाऊ सर्जन, गोरी मुलगी, डोळ्यांवरचा हेडसेट काढून आमच्याकडे आली. "लव्हली मॉडेल. हूज नेक इज इट?" तिने राजश्रीला विचारलं.

राजश्रीने माझ्याकडे पाहिलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. माझ्या वडिलांचा, एवढंच तिने म्हणायला हवं होतं. बाकी सगळं मी गिळलं असतं.

"अ‍ॅनॉनिमस व्हॉलंटियर," ती म्हणाली.

मुलीने हसून हेडसेट माझ्यापुढे धरला. "यू वाँट टू ट्राय?"

मी तो चढवला. गोरा गळा अगदी हाताशी आला. रागाच्या भरात हेडसेटमधली सुरी उचलली, कातडीला टेकवली, आणि इथल्या कौन्सिलच्या ऑफिसात गोऱ्या साहेबांपुढे अख्खी नोकरी ज्या सवयीत गेली, त्या सवयीने तोंडून निघून गेलं, "सॉरी, सर."

स्वतःच्याच गळ्याला.