उघड्या दाराचं मशीन

वर्कशॉपच्या पायऱ्या चढतानाच ताईला आवाज वेगळा वाटला. दार बंद असलं की मशिनिंग सेंटरचा आवाज रजईत गुंडाळल्यासारखा येतो. आज तो उघडावाघडा, कानात घुसणारा येत होता. टूलला धार लावणारा दुकान बंद करून कुठेतरी गेला होता, म्हणून ती अर्ध्या वाटेतून परतली होती, आणि ती इतक्या लवकर येईल हे धाकट्याला ठाऊक नव्हतं.

आत जाऊन पाहते तर मशीनचं दार सताड उघडं, ड्रिल गरगर फिरतंय, आणि धाकटा भाऊ कोपरापर्यंत हात आत घालून तारेच्या आकड्याने ॲल्युमिनियमचा कीस ओढून काढतोय. लांबलचक, पात्यासारख्या धारेचा कीस. त्याचं एक वेटोळं ड्रिलला, दुसरं आकड्याला.

ताई ओरडली नाही. पुढे होऊन तिने लाल बटणावर मूठ मारली.

मशीन जागच्या जागी थांबलं. ड्रिल जॉबमध्येच, आत बांधलेल्या झाकणातच, कडकन मोडलं.

"अगं, काय केलंस हे!" धाकटा वळून म्हणाला. "शेवटचंच भोक राहिलं होतं. जॉब गेला की वाया."

"हात बाहेर काढ."

"ताई, संध्याकाळी माल न्यायला येतोय तो पंपवाला. निम्मी झाकणं अजून..."

"हात बाहेर काढ म्हटलं ना."

त्याने हात काढला. धड होता. तो धड आहे हे पाहिल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लागलं असतं तर ती धावली असती, रडलीही असती. लागलं नव्हतं, म्हणून आता मोकळेपणाने संतापता येत होतं.

दार उघडं असताना हे मशीन चालतच नाही. चौकटीत एक छोटा स्विच असतो. दाराला लावलेली लोखंडी जीभ त्यात शिरली की मशीनला कळतं, दार लागलं. मशीनबरोबर एक जादा जीभ आली होती, ती धाकट्याने स्विचमध्ये खुपसून ठेवली होती. मशीनला वाटत होतं दार बंद आहे. ताईने ती उपसून काढली, ऐरणीवर ठेवली आणि हातोड्याने चपटी होईपर्यंत ठोकली. चपटी झाल्यावरही ठोकत राहिली.

आवाज ऐकून बाबा मागच्या खोलीतून आले. "काय चाललंय?"

"विचारा तुमच्या लेकाला."

धाकट्याने सांगितलं. थोडं गाळून सांगितलं, पण बाबांना कळायचं ते कळलं. ते मोडक्या ड्रिलकडे पाहत म्हणाले, "बंद करायची एक पद्धत असते गं. जॉब चालू असताना असं लाल बटण दाबतात का? पंपवाल्याला मी शब्द दिलाय. आणि दाराचं म्हणशील, तर मी उभी हयात उघड्या मशीनवर काढली. कुठे होतं दार?"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. धाकट्याचं एक वेळ ती समजू शकत होती, तो उतावळा होता. पण हे?

हे मशीन आणायचं ठरलं तेव्हा घरात किती वाद झाले होते. बाबांना आपल्या जुन्या मिलिंग मशीनपुढे काही दिसत नव्हतं. ताईनेच समजावलं होतं. एकदा जॉब बांधला की मिलिंग, ड्रिलिंग, आटे पाडणं, सगळं तिथेच होतं. ह्या मशीनवरून त्या मशीनवर नाचवावा लागत नाही. टूल मशीनच बदलतं. पहिला नग जसा, तसाच शेवटचा. हे सगळं तिने गिऱ्हाइकांनाही पाठ म्हणून दाखवलं होतं. पण तिच्या मनात पहिल्यापासून एकच गोष्ट होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. लोखंड कापलं जात असताना माणूस दाराबाहेर उभा राहतो.

"तुमच्या त्या उभ्या हयातीत," ती म्हणाली, "उजव्या हाताची दोन बोटं गेली, बाबा. आई होती तोवर ती तुमच्या शर्टाची बटणं लावून देत होती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आपल्याकडे पुढच्याला ठेच लागली आणि मागचा त्याच दगडावर नाचतोय. वर तुम्ही ताल धरताय."

बाबांनी उजवा हात खिशात घातला. ते परत मागच्या खोलीत गेले नाहीत. स्टुलावर बसून राहिले.

"बास कर, ताई," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "त्यांना कशाला ओढतेस?"

"मग तू बोल. कधीपासून चाललंय हे?"

"झाकणांचं काम आलं तेव्हापासून."

"रोज?"

"प्रत्येक नगाला. कीस तुटतच नाही, ड्रिलला गुंडाळतो. दर वेळी थांबायचं, दार उघडायचं, काढायचा, पुन्हा चालू करायचं. कधी संपणार माल?"

"आणि तोंड नाही तुला? मला सांगता येत नव्हतं?"

धाकट्याने आकडा टेबलावर टाकला. आता तोही चिडला होता. "काय सांगायचं? प्रोग्राम तुझा. मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, प्रोग्राम बरोबर आहे, तुलाच जॉब बांधता येत नाही. मागच्या वेळी हेच म्हणालीस. कामगारांसमोर."

ताई अगदी हेच म्हणाली असती, शब्दाला शब्द. त्यामुळे राग कमी झाला नाही. उलट त्याला आणखी एक धनी मिळाला, ती स्वतः.

ती मशीनच्या पडद्यापुढे जाऊन उभी राहिली. घाईघाईत लिहिलेला प्रोग्राम होता. ड्रिल एका दमात तळापर्यंत जात होतं. तिने तो बदलला. थोडं टोचायचं, वर यायचं, कीस झटकायचा, पुन्हा टोचायचं. शेंबड्या पोरालाही सुचलं असतं, असं ती पुटपुटली, आणि हे ती कुणाला म्हणाली ते धाकट्याला कळलं नाही. नवीन ड्रिल लावलं, नवीन जॉब बांधला, दार ओढून घेतलं. काचेतून दोघं बघत राहिले. कीस बारीक तुकड्यांनी पडत होता. भोकाला वेळ जास्त लागत होता, पण मधे थांबावं लागत नव्हतं.

"झालं," धाकटा म्हणाला.

"मला सांगू नकोस झालं म्हणून. मी अजून तुझ्याशी बोलत नाहीये."

संध्याकाळी पंपवाला आला. माल अर्धाच तयार पाहून त्याचा चेहरा पडला. ताईने त्याला कारण सांगितलं, काही न लपवता. तो हसला. "एवढंच ना? अहो, सगळीकडे दार उघडं ठेवूनच चालवतात. तुम्ही फारच बाऊ करता."

ताईच्या ओठावर आलं होतं की मग तिकडेच जा. पण तिच्या आधी बाबा स्टुलावरून उठले.

"बाकीचा माल उद्या मिळेल," ते म्हणाले. "शब्द मी दिला होता, मीच मोडतोय. दार बंदच राहील."

पंपवाला तयार झाकणं घेऊन कुरकुरत गेला. उरलेली न्यायला दुसऱ्या दिवशी आला, पण पुढचं काम बरेच दिवस त्याने दिलं नाही. त्यावरून घरात पुन्हा एकदा खडाजंगी झाली आणि ताईने माघार घेतली नाही.

बाबांशी ती त्या आठवड्यात कामापुरतंच बोलली. आईचा विषय काढायला नको होता, हे तिला कळत होतं. माफी मागायला मात्र जीभ वळत नव्हती.

मग एके सकाळी ती हत्यारं पुसत बसली असताना धाकटा मशीन थांबवून तिच्याजवळ आला. मागे कामगार उभे होते.

"ताई, आटे पाडताना आवाज येतोय. तुझ्या प्रोग्राममध्येच काहीतरी घोळ आहे."

तिच्या कपाळावर आठी चढली. मग हातातलं फडकं ठेवून ती उठली.

"चल, दाखव," ती म्हणाली.