उथळ पाण्याच्या लाटा

मित्रांनो, संगणकाच्या पोटात बसून पडद्यावरच्या ठिपक्यांना रंग देणारं जे कार्ड असतं, त्यातलं मी एक म्हातारं कार्ड आहे. उमेदीच्या काळात मी खेळांतल्या मोटारी पळवल्या, शाबासकी मिळवली. मग नवं कार्ड आलं आणि माझी रवानगी भंगारात झाली.

तिथून मला थोरुनने उचललं. ती सरोवराकाठच्या गिमली गावात शाळेची बस चालवते. तिचे वडील, वाल्डी आजोबा, पन्नास वर्षं विनिपेग सरोवरावर मासेमारी करत होते. अर्धांगाचा झटका आला, होडी विकावी लागली, आणि त्यांनी सरोवर दिसणाऱ्या खिडकीकडे पाठ करून खुर्ची मांडली. सरोवराचं नावही काढेनात. थोरुनच्या जिवाला तेच लागलं होतं.

म्हणून, निदान पडद्यावर तरी त्यांना सरोवर दाखवावं, या हेतूने ती शेडर लिहायला शिकू लागली. शेडर म्हणजे मला दिलेला छोटासा हुकूम. वीस लाख ठिपके तो एकाच क्षणी पाळतात. प्रत्येक जण विचारतो, मी कुठे आहे, माझा रंग कोणता? आणि बघता बघता लाट उठते! इतकी वर्षं हेच काम करूनही मी थक्क होतं. पण त्याहून नवल थोरुनचं. गुरू नाही, वर्ग नाही. बसच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात ती एकेका ओळीशी आठवडा आठवडा झुंजायची.

पहिल्यांदा वर-खालीच उलटं झालं.

"पाणी वर, आभाळ खाली! होडी काय छपराला बांधू?" आजोबा म्हणाले.

दुसऱ्यांदा लाटा डौलात आल्या. आजोबांनी नाक मुरडलं. "हा समुद्र आहे."

"बाबा, नेटवर सगळे समुद्रच शिकवतात!"

"त्यांना काय कळतंय? आपलं पाणी उथळ, पोरी. लाट आखूड, उभी. एक ओसरायच्या आत दुसरी अंगावर."

थोरुन चिडून निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी तिने आजोबांची खुर्चीच पडद्यापाशी ओढली. "सांगा, किती आखूड?"

पंधरा दिवस ते धड हाताने लाट दाखवत होते, ती आकडे बदलत होती आणि मी तापून घरघरत होतं. अखेर एका दुपारी पडद्यावर करडं पाणी उसळलं. आजोबा पडद्याकडे झुकले.

"उत्तरेचा वारा आहे," ते म्हणाले. "आज कोणी होडी काढू नका." मग हळूच म्हणाले, "थोरुन, मला खिडकीशी ने. बाहेर काय चाललंय ते बघू."

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या पंख्यातली धूळ अधूनमधून झटकत जा, एवढंच माझं मागणं. आणि घरातलं म्हातारं माणूस तुमच्या कामात चुका काढू लागलं, तर रुसू नका. ते अजून बघतंय, याचा आनंद माना.